चाळीसातले चार

दार उघडायला तिला चांगली पाच मिनिटं लागली. दुपारचे तीन वाजले होते आणि बाई झोपेतून उठून आल्या होत्या. डोक्याला रुमाल, अंगात गाऊन, गालावर उशीची वळी. मी मनात म्हटलं, झालं, इथूनच सुरुवात.

"एस्तेर केरुबो?" मी विचारलं.

"हो. तुम्ही सर्वेच्या मिसेस कर्णिक ना? या. फक्त जरा हळू बोलू. आत तिघीजणी झोपल्यात."

तिघीजणी, दुपारी तीनला. मी हसून मान डोलावली आणि बूट काढून आत गेले.

ही दोन हजार तीन सालच्या एप्रिलमधली गोष्ट. मॅसेच्युसेट्समधलं जुन्या कापडगिरण्यांचं एक गाव. गिरण्या बंद पडलेल्या, पण घरं स्वस्त म्हणून जगभरातली माणसं तिथे येऊन राहिलेली. आम्हीही त्यातलेच. लग्नानंतर बारा वर्षांनी मला तिथे पहिली नोकरी मिळाली होती, एका छोट्या संशोधन संस्थेत. डॉ. हॉलिस्टर नावाचे आमचे साहेब गावातल्या चिनी आणि केनियन लोकांची तुलना करत होते. केनियन लोक शिकलेले, इंग्रजी फर्डं. चिनी लोकांपैकी निम्म्यांना 'गुड मॉर्निंग'च्या पुढे येत नव्हतं. तरी घरं चिनी लोकांची जास्त, दुकानं त्यांची जास्त, मुलांचे मार्कही जास्त. असं का, हे शोधायचं होतं. चाळीस चिनी घरं, चाळीस केनियन घरं, शहाण्णव प्रश्न, आणि सहा महिन्यांनी पुन्हा त्याच घरी दुसरी फेरी. शेवटच्या पानावर 'मुलाखतकाराचे निरीक्षण' असा मोठा चौकोन होता. तिथे मला वाटेल ते लिहायची मुभा होती, आणि मला बरंच काही वाटायचं.

केरुबोनं आधी चहा आणला. आपल्यासारखाच, दूध घालून खळखळून उकळलेला. बरोबर चपाती. चपातीला ते लोक चपातीच म्हणतात, कारण ती तिकडे आपल्याच लोकांनी नेलेली. मी दोन खाल्ल्या. मग फॉर्म काढला.

किसी नावाच्या गावी ती आठ वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. इथे तो अनुभव धरत नव्हते; परीक्षा पुन्हा द्यायची होती, तोवर एका वृद्धाश्रमात रात्रपाळी. म्हाताऱ्यांना उठवणं, धुणं, कूस बदलणं. आत झोपलेल्या तिघीही तेच काम करत होत्या. दुपारच्या झोपेचा उलगडा झाला, पण मनात एकदा उमटलेलं काही लगेच पुसलं जात नाही. निदान माझ्या मनातलं नाही गेलं.

"मुलं?" मी विचारलं.

"दोन मुली. मोरा नऊ वर्षांची, बोसिबोरी सहा. माझ्या आईकडे आहेत. चार वर्षं झाली. आता कागद आलेत त्यांचे. पंधरा ऑगस्टचं विमान आहे."

फॉर्म संपला तशी ती पुढे सरकून बसली. "मिसेस कर्णिक, एक विचारू? तुमच्या घराबाहेर वरच्या मजल्याची पाटी लागलीय. मी कामावर जाताना आठ नंबरची बस तिथूनच जाते. तुम्ही झाडांना पाणी घालताना दिसता."

"हो, खाली आम्ही राहतो. वरचा मजला भाड्यानं द्यायचाय."

"मला मिळेल? इथे आम्ही सहाजणी आहोत. मुलींना झोपवायलासुद्धा जागा नाही. भाडं मी वेळेवर देईन, वृद्धाश्रमाचं पत्र आणून देते. पंधरा ऑगस्टच्या आत मिळालं की झालं."

"नवऱ्याला विचारून सांगते," मी म्हटलं.

गाडीत बसून मी तिचं शेवटचं पान भरलं. 'कुटुंब विस्कळीत. मुली चार वर्षं आईपासून दूर. एका घरात अनेक माणसे, दिनक्रमाला शिस्त नाही.' अक्षर माझं पहिल्यापासून सुरेख.

दोनच दिवसांनी मी झेंग यांच्याकडे गेले. झेंग एका हॉटेलात स्वयंपाकी, आठवड्यातले सहा दिवस घराबाहेर. बायको मेइफांग घरीच शिवणकाम करायची. मुलगी शिन आठ वर्षांची, जेवणाच्या टेबलावर गणितं सोडवत बसलेली. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. मला अगदी दादरच्या घरातली मी आठवले. दुभाष्याचं काम तीच करत होती. तिनं आईचं बोलणं ऐकून सांगितलं, "मी सहा महिन्यांची असताना मला आजीकडे पाठवलं, चीनला. चार वर्षांची झाले तेव्हा परत आणलं. तेव्हा मी आईला ओळखलं नाही."

त्या पानावर मी लिहिलं, 'मुलीच्या भवितव्यासाठी आई-वडिलांनी मोठा त्याग केला आहे. शिस्तप्रिय कुटुंब.'

दोन्ही पानं एकाच आठवड्यातली, एकाच पेन्सिलीनं लिहिलेली. इकडे चार वर्षं, तिकडे साडेतीन. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे मी लक्ष दिलं नाही.

निघताना मेइफांगनं मुलीकरवी विचारलं, वरचा मजला रिकामा आहे म्हणतात, खरं का?

नियमाप्रमाणे ज्यांची मुलाखत घेतली त्यांच्याशी आमचा कसलाही व्यवहार चालत नव्हता. म्हणजे दोघींनाही सरळ नाही म्हणायला हवं होतं. हा नियम मला आठवत होता, पण केरुबोचा विचार करताना जास्त आठवत होता.

त्या रात्री जेवताना मी सुधन्वाला दोघींचं सांगितलं. माझा नवरा आकडेमोडीच्या कंपनीत असूनही माणसांच्या बाबतीत अगदी साधा आहे.

"नर्सला देऊन टाक," तो म्हणाला. "तिला तारखेची अडचण आहे. झेंगना आत्ता राहायला घर आहेच की."

"दोन मुली आहेत तिला. डोक्यावर धावतील दिवसभर."

"झेंगनाही मुलगी आहे."

"ती अभ्यास करते."

"अगं, सहा वर्षांची पोर तुला अजून दिसलीसुद्धा नाही, आणि ती धावणार हे ठरवूनही टाकलंस?"

"मी चाळीस घरं बघितलीत त्यांची," मी म्हटलं. तेव्हा जेमतेम अठरा झाली होती. "आज एक येते, उद्या बहीण येते, परवा बहिणीची मैत्रीण. चिनी लोक पैसे साठवतात, वर्षभरात स्वतःचं घर घेऊन जातील. माझ्याकडे आकडे आहेत."

"आकड्यांना घर देतेयस की माणसांना?" तो म्हणाला आणि ताट घेऊन उठला. "तुझं घर, तू बघ."

खरं कारण मी त्यालाही सांगितलं नाही. महाराष्ट्र मंडळातल्या विभावरीताई मागच्याच महिन्यात म्हणाल्या होत्या, "वर कुणाला ठेवतेस ते बघून ठेव हं. एकदा काळे आले की घराची किंमत गेलीच म्हणून समज." मी तेव्हा त्यांना काही बोलले नाही. आमच्या पहिल्या वर्षी एका घरमालकानं फोडणीच्या वासावरून आम्हाला घर नाकारलं होतं. ती गोष्ट मी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी तिखटमीठ लावून सांगायचे आणि सगळे च्यक् च्यक् करायचे. पण वरच्या मजल्यावर केरुबो दिसेल, तिच्या मैत्रिणी जिन्यावरून ये-जा करतील आणि विभावरीताई गाडीतून बघतील, हे मला नको होतं. इतकी साधी आणि घाणेरडी गोष्ट होती ती. आकडे नंतर शोधले.

झेंग जूनमध्ये राहायला आले. केरुबोला मी फोन केला.

"अहो, काय झालं, माझे धाकटे दीर येताहेत भारतातून. कुटुंबासकट. त्यांनाच वर ठेवावं लागणार."

ती म्हणाली, "घरची माणसं आधी. बरोबर आहे. देव त्यांना सुखरूप आणो."

मी 'थँक्यू' म्हटलं. न जन्मलेल्या दिरासाठी तिचा आशीर्वाद घेऊन मी फोन ठेवला.

ऑक्टोबरात दुसरी फेरी आली. केरुबोचं नाव यादीत होतं. सोबतच्या पोरीला माझ्याऐवजी जायला सांगून पाहिलं. ती म्हणाली, ज्यानं पहिली घेतली त्यानंच दुसरी घ्यायची. मग गेले. तेच घर, तीच वेळ. या खेपेला दार लगेच उघडलं, कारण ते मोरानं उघडलं. शाळेचा फ्रॉक, उंच, आईसारखे डोळे. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि मला आत घेतलं.

आत धाकटी बोसिबोरी भिंतीशी जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. केरुबो चहा घेऊन आली. वाळली होती. मला अवघडल्यासारखं झालं की मी फार बोलते, तशी तेव्हाही बोलले.

"किती शांत मुली आहेत हो तुमच्या!"

"शांत नाहीत," केरुबो हळू आवाजात म्हणाली. "शिकवलंय त्यांना. आत माझ्या मैत्रिणी पाचपर्यंत झोपतात, रात्री त्यांना म्हाताऱ्यांना उचलायचं असतं. म्हणून शाळेतून आलं की कुजबुजायचं. पहिल्या आठवड्यात धाकटीला आजीची फार आठवण यायची. ती उशीत तोंड खुपसून रडायची, म्हणजे कुणी उठणार नाही. तेही तिला मीच शिकवलं."

बोसिबोरी आईच्या कानाशी येऊन काहीतरी पुटपुटली. केरुबोनं मान हलवली. "ती विचारतेय, ही बाई गेली की खाली रस्त्यावर जाऊ का. तिथे मोठ्यानं बोलता येतं."

मी चहाचा कप तोंडाला लावला. चहा गरम होता की गार, ते कळलं नाही.

"दुसरं घर मिळालं नाही?" मी विचारलं. हे फॉर्ममध्ये नव्हतं.

"एप्रिलपासून जूनपर्यंत मी शोधलंच नाही. तुम्ही नवऱ्याला विचारून सांगणार होतात. मध्ये एकदा फोन केला तर म्हणालात, होईल बहुतेक. मग नाही झालं. तोवर ऑगस्टसाठीची सगळी घरं गेली होती." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, रुग्णाचा तक्ता वाचून दाखवावा तसं सांगत होती. ते 'होईल बहुतेक' मी खरंच म्हटलं होतं. झेंगनी आगाऊ रक्कम देईपर्यंत दुसरं कुणी हाताशी असावं म्हणून.

मग ती म्हणाली, "तुमच्या दिरांच्या मिसेस भाजी फार छान वाळवतात. कठड्यावर मोहरीची पानं एका ओळीत. बसमधून दिसतात मला रोज."

मेइफांग वाळवायची ती. आठ नंबरची बस माझ्या अगदी अंगणाला घासून जाते, हे मला एप्रिलपासून माहीत होतं. तरी चार महिने मी ते डोक्यात येऊ दिलं नव्हतं.

मी काही बोलेन म्हणून ती थांबली होती. मी फॉर्म उघडला आणि प्रश्न विचारायला लागले. नोकरी, पगार, शाळा, चर्च. ती उत्तरं देत होती, मी खुणा करत होते. माझा आवाज मलाच परका वाटत होता. होता होता एकेचाळिसावा प्रश्न आला. दुसऱ्या फेरीत तो डॉ. हॉलिस्टरनी नव्यानं घातला होता, आणि तो तसाच्या तसा मोठ्यानं वाचायचा असा दंडक होता.

मी वाचला. "गेल्या सहा महिन्यांत, तुमच्या वर्णामुळे किंवा वंशामुळे तुम्हाला कुणी घर नाकारलं, असं तुम्हाला वाटतं का?"

पुढे दोन चौकोन. हो, नाही. 'हो' असेल तर पुढचे तीन प्रश्न विचारायचे: कुणी नाकारलं, केव्हा, काय कारण सांगितलं. 'नाही' असेल तर ते तीन गाळून पान उलटायचं.

केरुबो माझ्याकडे बघत राहिली. मोरा पुस्तकातून मान वर काढून आईकडे बघत होती.

"नाही लिहा," केरुबो म्हणाली.

मला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटलं म्हणूनच असेल, मी उगीच म्हणाले, "असं नाही, जे खरं असेल तेच लिहायचं असतं."

"तुम्ही माझ्या घरी चहा पिताय," ती म्हणाली. "पाहुण्याला त्याच्या तोंडावर, माझ्या मुलींसमोर, मी कसं सांगू? मी नाही म्हणाले. पण खरं काय ते तुम्हालाही माहीत आहे, आणि पेन्सिल तुमच्या हातात आहे. तुम्हीच लिहा."

ती कप उचलून आत गेली. मला एकटीला लिहू द्यावं म्हणून गेली, हे मला कळत होतं.

मी पेन्सिल 'हो'च्या चौकोनावर टेकवली. एक बारीक तिरकी रेघ ओढलीसुद्धा. मग पुढचे तीन प्रश्न दिसले. कुणी? तिथे माझं नाव लिहायचं होतं. केव्हा? जून. काय कारण सांगितलं? दीर. हे डॉ. हॉलिस्टर वाचणार. नोकरी जाणार, ती गेली तर गेली. पण सुधन्वा, मंडळ, आणि माझ्या त्या फोडणीच्या गोष्टीला च्यक् च्यक् करणारी सगळी माणसं. मोरा अजून बघत होती. मी पेन्सिल उचलली आणि शेजारच्या चौकोनात ठसठशीत खूण केली. नाही. आणि पान उलटलं.

केरुबो परत आली तेव्हा मी पंचेचाळिसावा प्रश्न विचारत होते. तिनं फॉर्मकडे पाहिलं नाही. "सध्या या घरात किती माणसं राहतात?" "आठ." "आणि खोल्या?" "दोन." मी लिहून घेतलं. निघताना तिनं मला जिन्याखालपर्यंत सोडलं. मुली पुढे पळत गेल्या आणि रस्त्यावर पाय पडताच दोघी एकदम बोलायला लागल्या, इतक्या मोठ्यानं की समोरच्या दुकानदारानं वळून पाहिलं. मी गाडीत बसले, काच वर केली.

आता मी माझ्या मुलीकडे राहते, नोकरी सोडून सात वर्षं झाली. त्या फॉर्मवरच्या खुणेचं कुणाला सांगितलेलं नाही, सुधन्वालाही नाही. त्यानं फार तर मान हलवली असती, आणि ते मला सहन झालं नसतं.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात डॉ. हॉलिस्टरनी सगळे फॉर्म मोजायला घेतले. ते म्हातारे गृहस्थ, सरळ, एकेका खुणेवर बोट ठेवून मोजणारे. त्यांचा एक नियम होता: दहा टक्क्यांपर्यंतची गोष्ट तळटिपेत जाणार, त्यावरची मजकुरात. चिनी आणि केनियन लोकांच्या घरांतल्या फरकाचं कारण बचतीत आहे, सवयींत आहे, की घरं देणाऱ्यांत आहे, यावर त्यांना एक आख्खं प्रकरण लिहायचं होतं. पण त्याला आधार हवा होता.

"केनियन चाळीसांत 'हो' म्हणणारे चार," ते म्हणाले. "चार म्हणजे तळटीप. पाच असते तर प्रकरण लिहिता आलं असतं. मला वाटत होतं जास्त निघतील." मग एक फॉर्म त्यांनी उजेडाकडे धरला. "उल्का, हा तुझा ना? एस्तेर केरुबो. इथे 'हो'वर बारीकशी रेघ आहे आणि खूण 'नाही'वर. बाई आधी हो म्हणाल्या होत्या का? आठव जरा. घाई नाही."

त्यांना खरोखरच घाई नव्हती. चष्मा कपाळावर सरकवून ते माझ्याकडे बघत बसले. मला आठवायची गरज नव्हती.

"नाही," मी म्हणाले. "पेन्सिल चुकून टेकली होती."

"मग पुसून टाक. उगाच घोळ नको." त्यांनी टेबलावरचं खोडरबर माझ्याकडे सरकवलं.

मी ती रेघ पुसली आणि कागदावरचा चुरा फुंकून टाकला.